मणी थांबता कामा नयेत

९ फेब्रुवारी

भाऊजी,

सहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नका. कामापुरतं लिहिते आहे. फोनही करता आला असता, पण फोनवर तुमचा आवाज ऐकावा लागतो. पत्रात तेवढी सोय आहे.

तुमचे दादा चौदा जानेवारीला सकाळी घरात पडले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. हे तुम्हाला तुमच्या ताईंकडून कळलं असणारच. कळूनही तुम्ही आला नाहीत, तेही आम्हाला कळलं. असो.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं. आता दिवसभर खुर्चीत, तुमच्या त्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसमोर. ‘तुमच्या’ म्हणते, कारण हे खूळ त्यांच्या डोक्यात तुम्हीच भरलंत. घरी आल्यापासून डावा हात सारखा टाकीखालच्या कपाटाकडे दाखवत होते. मी चष्मा आणला, चपला आणल्या, औषधाचा डबा आणला, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून हातात दिलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघायचे, जणू पक्षाघात मला झालाय. शेवटी चौथ्या दिवशी कपाट उघडलं. उघडलं आणि नाक दाबून मागे सरकले. सडक्या अंड्यांचा वास!

आत एक उभी पारदर्शक नळी आहे, मनगटाहून जाड, हातभर उंच. खालून एक पाइप आत जातो, वरून एक बाहेर येतो. तिच्यात पांढऱ्या मण्यांसारखं काहीतरी, पण आता करडं पडलेलं आणि मेणबत्तीसारखं एकसंध घट्ट झालेलं. त्यांना तेच दाखवायचं होतं. मी बोट लावल्यावर मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझ्या आजारपणात हे पाणी मला दिसलेलं नाही.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, कशाला या वयात ही कटकट, अख्खी टाकी मी उचलून नेतो. ह्यांनी डाव्या हाताने त्यांची बाही धरली ती सोडेचनात. दोन माणसं लागली सोडवायला.

तेव्हा सांगा, ती नळी काय आहे आणि तिचं काय करायचं. थोडक्यात. तुमचं व्याख्यान मी पूर्वी पुष्कळ ऐकलंय.

— वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर दुकानवाल्यालाही कळलं असतं.

त्या नळीला रिअ‍ॅक्टर म्हणतात. त्यातले मणी म्हणजे जिवाणूंचं खाणं. जिवाणू मणी खातात आणि त्याबरोबर माशांनी पाण्यात केलेली घाणही संपवतात. मण्यांवर बुळबुळीत थर चढतो. मणी फिरत राहिले की एकमेकांवर घासून तो थर सुटतो आणि शेजारच्या फेस काढणाऱ्या यंत्रातून बाहेर पडतो. मणी थांबले की तोच थर त्यांना एकमेकांना चिकटवतो. आत हवा पोचत नाही, सगळं कुजतं. तुमच्या नाकाला कळलं ते हेच. त्या नळीतलं पाणी वाटीभर जरी टाकीत गेलं तरी मासे मरतील. आजवर गेलं नाही ते नळीचा पंप बंद म्हणून. आता तुम्ही उत्साहाने तो चालू करू नका, म्हणजे झालं.

करायचं असं. दोन्ही पाइपांच्या तोट्या बंद करा. नळी काढून मोरीत न्या. आतलं पाणी फेकून द्या. गठ्ठा हाताने फोडा, मणी बादलीत धुवा. धुवायला टाकीतलंच पाणी घ्यायचं, नळाचं नाही. हे वाक्य दोनदा वाचा. जे मणी सुटत नाहीत ते टाका. नळीच्या दोन्ही टोकांच्या जाळ्या दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. पंप व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर ठेवा.

मग पुन्हा लावा आणि तोटी हळूहळू उघडा. भात शिजताना दाणे मधून वर येतात आणि कडेने खाली जातात, तेवढेच मणी फिरले पाहिजेत. तळाशी एकही कोपरा मेलेला नको, आणि वरच्या जाळीवर मण्यांची गर्दी नको. मी बंदरावरच्या पंपघरात बावीस वर्षं काढली. तिथेही लोकांना दोनच गोष्टी येतात, तोटी पूर्ण बंद करणं आणि पूर्ण उघडणं. मधलं काही असतं हे त्यांच्या गावीच नसतं. तुम्ही तरी पाहा.

एक विचारायचं आहे. पंप किती दिवस बंद होता? आणि बंद कसा पडला? तो पंप मी निवडून आणलेला आहे. तसा बिघडणारा नाही.

दादाला माझा नमस्कार सांगा. मला विचारल्याशिवाय त्या नळीत काहीही घालू नका.

— तुमचा दीर

२२ फेब्रुवारी

भाऊजी,

सख्खा भाऊ बोलू शकत नाही, त्याच्याबद्दल पत्रात एक ओळ. पंपाबद्दल तीन. हिशेब नीट समजला.

तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मदतीला आले. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा माशांना खाणं त्यांनीच घातलं. ‘तोट्या बंद करा’ असं लिहिलंत, पण तोटीचा दांडा पाइपाला आडवा असला की बंद, हे लिहायला तुमच्या हाताला काय झालं होतं? मी उभा केला. मग नळी काढली. पाणी थेट शिंपीकाकांच्या तोंडावर. ते इंचपट्टी गळ्यात तशीच ठेवून आले होते, ती अजून वाळते आहे आणि वास काही जात नाही. मोरीत गठ्ठा फोडताना निम्मे मणी वाहून गेले.

पण एक झालं. शिंपीकाका चष्मा पुसत उभे होते तेव्हा खुर्चीतून कसलासा आवाज आला. बघते तर हे हसत होते. तोंडाचा डावा कोपराच वर गेला होता, पण हसू होतं ते. पाच आठवड्यांतला पहिला आवाज. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, चित्रं दाखवतात, ‘म’ म्हणा, ‘प’ म्हणा सांगतात. ते त्या बाईंकडे तुमच्या बंदरावरच्या लोकांकडे बघावं तसं बघतात.

नळी परत लावली आहे, पण मणी एका बाजूलाच साठून बसतात, दुसऱ्या बाजूने नुसतं पाणी जातं. दुकानवाले मण्यांची नवी पिशवी देऊन गेलेत. म्हणाले, “हे बायकांचं काम नाही हो. पण तरी सांगतो. अख्खी पिशवी ओतायची, तोटी पूर्ण उघडायची आणि विसरून जायचं. जितकं जास्त फिरेल तितकं जास्त साफ.”

मला तो मनुष्य मूर्ख वाटतो. पण मला तुम्हीही वाटता, म्हणून खात्री करून घेते. अख्खी पिशवी ओतू का?

— वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी,

मुळीच नाही! त्या महापंडिताला दुकानातल्या प्लॅस्टिकच्या माशांपुरताच ठेवा.

आधी मणी एका बाजूला का बसतात ते. नळी तिरकी आहे. कपाटाची फळी जिथे दबली असेल तिथे नळीखाली पुठ्ठा घाला. शिंपीकाकांकडे दोरा असेलच, त्याला सुई बांधून ओळंबा धरा आणि नळी सरळ करा. वर हवा अडकली असेल तर नळी जरा हलवून बुडबुडे जाऊ द्या.

आता तोटी. जोर जास्त झाला की मणी वर उडून जाळीला चिकटतात आणि जाळी बुजते. पुन्हा सगळं थांबतं, आणि तुम्हाला वाटत राहतं की पंप तर चालू आहे. शिवाय इतके घासले जातात की त्यांचा भुगा होऊन टाकीत येतो. पूर्ण उघडून विसरून जायचं म्हणे! नळीसमोर बसून पाहावं लागतं. दोन दिवस रोज चारदा, मग रोज एकदा.

आणि पिशवी. चार भाग करा. एक भाग आत्ता, पुढचा तीन आठवड्यांनी, याप्रमाणे. अख्खी एकदम ओतली की जिवाणू भसाभस वाढतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते पाण्यातला सगळा प्राणवायू खातात. मासे वर येऊन आ वासतात, आणि सकाळी बघावं तर एकूण एक तळाशी. प्रवाळं पांढरी हाडं होऊन उभी. हे मी कुठल्या पुस्तकातलं सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. नुसता पंप बंद राहिला तर पाणी काचेसारखं स्वच्छ राहतं, ते पांढरं होत नाही. पांढरं झालं की समजावं, कुणीतरी घाई केली.

पंप कधीपासून बंद होता याचं उत्तर आलं नाही.

दादा हसला हे वाचलं.

— तुमचा दीर

६ मार्च

भाऊजी,

पुठ्ठा घातला, ओळंबा धरला, पिशवीचा पहिला भाग घातला, तोटी केसभर केसभर उघडली. मणी फिरतायत. तळापासून वर, कडेने खाली. हे खुर्ची पुढे घ्यायला लावून बघत बसतात. पिवळा मासा, ज्याला हे हेडमास्तर म्हणत, तो पुन्हा टाकीभर गस्त घालायला लागलाय. तुमचं काम झालं, धन्यवाद.

आता माझं काम.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. ‘डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.’ भाऊजी, उभ्या जन्मात तुम्ही अशी एकच टाकी सांभाळलीत, तीसुद्धा आमच्या हॉलमधली. तर दुधासारखं पाणी तुम्ही पाहिलंत कुठे?

मी सांगते कुठे. मीही पाहिलंय. सहा वर्षांपूर्वी रविवारी सकाळी मी हॉलचा पडदा सरकवला तेव्हा टाकीतून पलीकडची भिंत दिसत नव्हती. पाणी पांढरंशुभ्र. सतरा मासे तळाशी. तुम्ही ते बादलीत काढलेत, बादली हॉलच्या मध्यावर ठेवलीत, आणि ताई, त्यांचे यजमान, शिंपीकाका आणि ह्यांच्यासमोर म्हणालात, “वहिनींनी काल झाडताना पंपाचं बटण बंद केलं.” मी म्हटलं, मी बटणाला हात लावलेला नाही. तुम्ही म्हणालात, “मग काय माशांनी केलं?” सगळे हसले. मेलेल्या माशांच्या बादलीभोवती उभे राहून हसले.

तेव्हापासून या घरात पाहुणा आला की ठरलेला विनोद, वहिनींना बटणांपासून लांब ठेवा. ह्यांनी टाकीच्या सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली आणि वर आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘हात लावू नये’. घरात माणसं दोन. ती पाटी कुणासाठी होती? सहा वर्षं रोज मी तिच्यावरची धूळ पुसते.

आणि आता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिता की पंप बंद राहिला तर पाणी पांढरं होत नाही. पांढरं झालं की कुणीतरी घाई केली.

कुणी केली, भाऊजी?

— वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

मी केली.

उत्तराला महिना लागला. या आधी तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात दोष पंपाचा होता, दुसऱ्यात मणी बनवणाऱ्यांचा, तिसऱ्यात उन्हाळ्याचा. तिसरं बरं जमलं होतं. पाकिटात घालेपर्यंत मलाच पटत आलं होतं.

शनिवारी दुपारी दादा कामावर होता. मण्यांची नवी पिशवी आली होती. तो म्हणाला होता, आपण मिळून थोडे थोडे घालू. मला वाटलं, याला काय कळतंय, पंपघरात मी असतो. अख्खी पिशवी ओतली, वर तोटी पूर्ण उघडली. ज्या लोकांना मी पत्रातून नावं ठेवतो ना, त्यांच्यात पहिला नंबर माझा. सकाळी बादली हातात होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही तेवढ्यात झाडू घेऊन आत आलात. झाडू दिसला आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. निघाल्यावर परत घ्यायला एक मिनिट होतं. ते मी घालवलं. मग एक दिवस, मग सहा वर्षं. तुमच्यासमोर उभं राहता येईना म्हणून बदली मागून घेतली आणि सगळ्यांना सांगितलं की वहिनींचा स्वभाव जमत नाही. जानेवारीत ताईचा फोन आला तेव्हा गाडीचं तिकीट काढलं होतं. स्टेशनवरून परत फिरलो.

दादाला यातलं काही माहीत नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. हवं तर हे पत्र त्याला वाचून दाखवा.

पंपाचं तिसऱ्यांदा विचारतो. मणी असे दगड व्हायला पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहावं लागतं, म्हणजे दादा पडला त्याच सुमारास पंप थांबला. हा आरोप नाही. एक खोटा केला, तो जन्माला पुरेल. पण तुम्ही दोनदा उत्तर टाळलंत, आणि टाळलेलं उत्तर कसं दिसतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

— तुमचा दीर

१० एप्रिल

भाऊजी,

‘तोंडातून वाक्य निघून गेलं.’ वा! जणू शिंकच होती ती. एवढा मोठा पंपवाला आणि स्वतःच्या तोंडाला एक तोटी बसवता आली नाही.

पत्र ह्यांना वाचून दाखवलेलं नाही. तुम्ही केलंत ते तोंडाने आणि चारचौघांत. निस्तरणारही तोंडाने आणि चारचौघांत. मी ताईंना, त्यांच्या यजमानांना आणि शिंपीकाकांना बोलावते. तुम्ही या आणि त्याच हॉलमध्ये उभे राहून सांगा. मी ते कागद नाचवत फिरणार नाही.

आता पंपाचं. ऐका, कारण हे मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. चौदा जानेवारीला सकाळी आमचं वाजलं. कशावरून, तर त्या नळीच्या पंपाच्या घूं घूं आवाजावरून. माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं थोडा वेळ बंद करा. ते म्हणाले, “तू बटणाला हात लावू नकोस, मागचं आठव.” मागचं आठव! मला असा संताप आला की चिकटपट्टी फाडली, प्लग उपसला आणि बाजारात निघून गेले. तासाभराने आले तर हे कपाटासमोर पडलेले. एक हात प्लगच्या दिशेने.

सहा वर्षं न केलेल्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली, भाऊजी, आणि जेव्हा खरोखर केली तेव्हा हे असं झालं. मी डॉक्टरांना विचारलं, रागाने, वाकण्याने असं होतं का. ते म्हणाले तसं काही नसतं. पण त्यांना प्लग कुठे माहीत होता?

कपाटात त्यांची वही सापडली. रोजचं खारेपण, उष्णता, सगळं लिहिलेलं. अक्षर तुम्हाला माहीत आहेच, छापल्यासारखं. डिसेंबरच्या शेवटापासून मात्र मुंग्या चालल्यासारखं झालंय, ओळी खाली घसरतात. शेवटच्या आठवड्यात तर आकडेच लागत नाहीत. मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. तुम्हाला काही कळत असेल तर सांगा, म्हणून एक पान सोबत ठेवते.

— वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

पान मला कशाला पाठवलंत? परत पाठवतोय. आजच डॉक्टरांना नेऊन दाखवा, आणि अख्खी वही दाखवा. माझी समजूत मी लिहीत नाही. माझ्या समजुतींनी या घराचं पुरेसं भलं केलं आहे. एवढंच सांगतो, छापल्यासारखं लिहिणाऱ्याचा हात तुम्ही प्लग काढायच्या पंधरा दिवस आधीपासून घसरतोय. प्लग काढल्याची तारीख मागे नेता येत नाही.

सत्तावीसला सकाळी पोचतो. सगळ्यांना बोलवा. शिंपीकाकांना नवी इंचपट्टी आणतो आहे.

— तुमचा दीर

६ मे

भाऊजी,

तुम्ही नीट पोचल्याचं ताईंकडून कळलं. आता तुम्ही गेल्यानंतर इथे काय झालं ते लिहिते. म्हटलं तर तुमच्याच कामाचं आहे.

आधी तुमच्या भाषणाबद्दल. पहिली दहा मिनिटं तुम्ही जिवाणूंचं आयुष्य सांगितलंत. ताईंच्या यजमानांना डुलकी लागली. मी “भाऊजी, दोन वाक्यांत” म्हटलं नसतं तर तुम्ही अजून प्राणवायूपाशीच असता. दोन वाक्यं मात्र बरी बोललात. आवाज फाटला, पण बोललात. ताई काय म्हणाल्या ऐकलंत ना? “जाऊ दे गं, माशांचंच तर होतं, एवढं काय मनावर घ्यायचं!” सहा वर्षं बटणांचा विनोद सगळ्यात जास्त त्यांनीच केला. शिंपीकाका एकटे उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “मी हसलो होतो त्या दिवशी. माफ करा.” बाकीच्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी वही पाहिली. म्हणाले, छोटे छोटे झटके आधीपासून येत असणार, हात जड पडत असणार, यांनी कुणाला सांगितलं नाही. प्लगचं मी सांगितलं. ते म्हणाले, “बाई, प्लग राहू दे, पंधरा दिवस हा माणूस गप्प का बसला ते मला सांगा.” मला काय माहीत! डाव्या हाताने दाढी करून माझ्यासमोर बसत होता हा गृहस्थ, आणि मी म्हणत होते, आज गालावर कापलं कसं काय.

आता मुद्दा. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की दादाला काहीच माहीत नव्हतं. चांगलं केलंत असं तुम्हाला वाटलं असेल. तुमची गाडी सुटली, पाहुणे गेले, मी कपाट उघडून मणी बघत होते. मागून आवाज आला. “होतं.”

स्पष्ट. ह आणि त दोन्ही. साडेतीन महिन्यांत पहिला शब्द. माझ्या हातातला टॉर्च पडला. मी म्हटलं, काय होतं? काय हवंय? ते मान हलवत राहिले. बराच वेळ तोंड वेडंवाकडं करून, घाम येईपर्यंत झटून, दुसरा शब्द काढला. “माहीत.”

त्यांना माहीत होतं, भाऊजी. त्याच रविवारी. रिकामी पिशवी त्यांनी कपाटामागे पाहिली होती. मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि ते मान डोलवत गेले. धाकट्या भावाची चारचौघांत शोभा नको म्हणून बायकोची होऊ दिली. वर चिकटपट्टीही लावली, म्हणजे नाटक पुरं. तुम्ही सहा वर्षं ज्यांच्यापासून लपत होतात ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून लपवत होते. दोघांनी मिळून एक बाई फसवायची, तेही एकमेकांना न सांगता. असा एकोपा मी दुसऱ्या कुठल्या भावांत पाहिला नाही.

मी अबोला धरला. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी अबोला धरून काय साधणार, पण धरला. घास भरवला, अंग पुसलं, पाठीला तेल लावलं, एक शब्द बोलले नाही. त्यांनी डाव्या हाताने पदर धरला, तो सोडवून घेतला. तीन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, “काही नवा शब्द?” खोटं कसं सांगू? म्हटलं, “दोन. ‘माहीत’ आणि ‘होतं’.”

बाईंनी टाळ्या वाजवल्या. “कित्ती छान! कशाच्या संदर्भात?”

“घरगुती,” मी म्हटलं.

बाई फार खूश झाल्या. म्हणाल्या, हे दोन शब्द आपण पक्के करू. तुम्ही प्रश्न विचारायचा, त्यांनी पूर्ण वाक्य म्हणायचं. रोज दहा वेळा. जमेल ना?

मी म्हटलं, न जमायला काय झालं?

तेव्हापासून रोज सकाळी मणी बघून झाले की मी खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसते आणि विचारते, “तुम्हाला माहीत होतं?” आणि ते म्हणतात, “माहीत होतं.” दहा वेळा. पहिल्या दिवशी मला फार मजा आली, लपवत नाही. त्यांना काय शिक्षा चालली आहे हे त्यांना पुरतं कळतं. पण टाळत नाहीत. मी स्टूल ओढलं की खुर्चीत सरळ होऊन बसतात. बाईंना वाटतं, पेशंट फार मेहनती आहे.

टाकी मी विकणार नाही, दुकानवाल्यांना तसं कळवलं. ‘हात लावू नये’ची पट्टी मी फाडली होती, तिची उरलेली चिकट खूणही व्हिनेगरने काढून टाकली. पिशवीचा शेवटचा भाग घालायला तुम्ही या, मी एकटीने घालू शकते तरी या. तोंड दाखवायची सवय ठेवलेली बरी.

आज सकाळचं सांगते आणि पत्र संपवते. आठ वेळा विचारून झालं होतं. नवव्यांदा विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” ते म्हणाले, “माहीत होतं.” मग थांबले. ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. मला वाटलं पाणी हवंय. मी उठणार तेवढ्यात कुणी शिकवला नव्हता तो तिसरा शब्द त्यांनी स्वतःहून जोडला. “चुकलं.”

‘च’ धड आला नाही, ‘क’ अर्धा घशात राहिला. पण शब्द तोच होता.

बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. दहावी वेळ मी घेतली नाही.

— वहिनी